एकेचाळिसावं पान

वावटळ आमच्या फिशटँकमध्ये झाली.
साबणाचं पाणी, त्यात चमचाभर दूध,
आणि तळातून आत घुसवलेलं ड्रिल,
ज्याच्या भोकातून रात्रभर कार्पेटवर गळत राहिलं.
मासे दोन आठवडे बाथटबमध्ये.
आम्ही चौघं हॉलेनबेकांकडे आंघोळीला जायचो,
खांद्यावर टॉवेल टाकून, रस्त्याच्या कडेनं, ओळीनं.
वडील म्हणाले, बघा,
बेघर झाल्याची सवय होतेय तुम्हाला.

कॅन्ससला खऱ्या वावटळींचा तोटा नाही,
पण त्या वर्षी आमच्या काउंटीत एकही फिरकली नाही.
मे महिना निळा, कोरडा, निर्लज्ज.
कॅमेरा भाड्याचा, दिवसाला चाळीस डॉलर,
आणि वडील गोठ्याच्या छपरावर उभे.
डुकरांचं खाद्य विकायचे ते;
उधारी थकवलेल्या गिऱ्हाइकाच्या दाराकडे बघावं
तसे आभाळाकडे बघायचे.

स्क्रिप्ट आईनं बटाटे सोलता सोलता वाचलं.
"वर्लिन, मी एकेचाळिसाव्या पानावर मरते?"
"कुणीतरी मरायला हवं, नडीन.
नाहीतर लोक म्हणतील, नुसताच वारा."
"मग तू मर."
"मी कॅमेऱ्यामागे आहे."
पुढे ती काही बोलली नाही.
साल तेवढी जाड निघायला लागली.

माझ्याकडे पाऊस होता. म्हणजे बागेची नळी,
तोंडावर अंगठा दाबून धरलेली.

कॉय, माझा भाऊ, तेव्हा एकोणीस वर्षांचा.
त्याचा पिकअप विकून फिल्मची रिळं आली होती,
त्याला न विचारता.
मार्चपासून तो वडलांशी बोलत नव्हता, मीठसुद्धा माझ्याकरवी मागायचा.
सिनेमात मात्र माफी मुलानं मागायची होती.
बाप झाले होते गावचे डेंटिस्ट, डॉक्टर स्टुकी,
जे रडायच्या जागी समोरच्याचे दात बघायचे.
तळघराच्या पायरीवर सोळा वेळा
कॉय म्हणाला, "मला माफ करा, डॅडी,"
पाठ केलेला पत्ता सांगावा तसं.
सतराव्या वेळी त्यानं डॉक्टरांच्या खांद्यावरून
थेट भिंगात पाहिलं आणि म्हणाला,
"विचारलं असतंत तर दिला असता."
कट कुणीच म्हटलं नाही.
बराच वेळ नुसती टकटक येत राहिली,
रीळ संपून मोकळं शेपूट फिरत होतं, त्याची.
सिनेमात नववा टेक आहे.

मग एकेचाळिसावं पान.
फवारणीच्या विमानाचा पंखा, लाकडाच्या वखारीतून आणलेला
सहा पोती भुसा, प्लायवूडची गाय
जी डावीकडून उडत आली आणि शिंगावर उभी राहिली.
मोडक्या दाराखाली आई मेली.
छान मेली. फक्त शेवटी,
डॉक्टर स्टुकी टोपी काढून उभे असताना,
तिच्या उजव्या पायाचा अंगठा
डावी पोटरी खाजवतो, निवांत.
भुसा चावतो हो.
पुन्हा घ्यायला भुसाही नव्हता, फिल्मही.

शाळेच्या जिममध्ये बासष्ट खुर्च्या मांडल्या होत्या.
गाईला लोक हसले. डॉक्टरांना हसले.
अंगठ्याला सगळ्यांत जास्त हसली ती आई,
तोंडात रुमाल कोंबून.

आता तिला जाऊन सहा वर्षं झाली.
वडील चौऱ्याऐंशीचे, वाकलेले,
पंख्याचा आवाज आता त्यांच्या कानातच असतो.
नाताळात आम्ही ती डिस्क लावतो.
कॉय तल्साहून फोनवर असतो, तिकडे चित्र दिसत नाही त्याला,
म्हणून मधेच विचारतो, "हलला?"
"थांब. डॉक्टर टोपी काढतायत."
"आता?"
"हलला."

वडील मान हलवतात.
चूक आहे ती, म्हणतात, कापायला हवी होती,
आणि माझ्या हातातून रिमोट घेऊन
मागे नेतात.